मी एल्फ नाही, हे आत्याला कळावं म्हणून

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या सशाचा (कानांवरून तूच ठेवलेलं नाव, 'स'ला बारीक शिट्टी देऊन हाक मारायचीस) मान खाली घालून आणि ते दोन्ही कान पकडून नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? शेजारणीशी अबोला अजून चालूच का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण गेले चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस आणि त्यात चूक माझीच आहे. मुलीच्या वाढदिवसाला तू नवी कवळी घालून एवढ्या हौसेने आलीस, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो की हे दात पियानोला शोभले असते. तू चमचा खाली ठेवलास, पर्स उचललीस आणि पुढची बस धरलीस. सख्ख्या भाच्याने, त्यातून कवळ्या करून पोट भरणाऱ्या भाच्याने असं बोलू नये. म्हणून हे पत्र. ते तू उघडशील याची मला खात्री आहे, कारण आलेलं पाकीट न उघडता ठेवणं तुला या जन्मात जमलेलं नाही (दुसऱ्याच्या नावाचंसुद्धा). सोबत एक छोटा डबा आहे, तो मात्र पत्र संपल्यावरच उघड. म्हणजे आता बंद कर.

तर झालं असं. तुझ्या नातीने फोनवर एक प्रश्नावली शोधून काढली. वीस प्रश्नांची उत्तरं दिली की अद्भुत कथांमधल्या जमातींपैकी आपण मनाने कोण, ते ती सांगते. तुझ्या माहितीसाठी: एल्फ म्हणजे उंच, सडपातळ, टोकदार कानांचे लोक. ते हजार वर्षं जगतात, हळू बोलतात आणि बाकीच्यांकडे जरा वरूनच बघतात. ऑर्क म्हणजे दांडगे, सुळेवाले, आधी हाणून मग विचारणारे. गॉब्लिनांचं नंतर सांगतो, घाई नाही. बायकोने भाजी निवडता निवडता विसाच्या वीस उत्तरं दिली आणि ती एल्फ निघाली. तिला त्याचा आनंदसुद्धा झाला नाही. 'बरं' म्हणाली आणि भाजी घेऊन उठून गेली, अगदी एल्फासारखी. आमचे डॉक्टर (ज्यांच्या दवाखान्याखालच्या तळघरात मी तेवीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवतोय) ऑर्क निघाले आणि इतके खूश झाले की दिवसभर खुर्चीतल्या प्रत्येक पेशंटला सांगत होते. त्यातले दोघं तोंड उघडं टाकून पळाले.

मी एल्फच निघणार यात मला शंका नव्हती. कानांचा तर प्रश्नच मिटलेला होता. नजर कसबी, बोटं नाजूक, कामात सौंदर्यदृष्टी, अजून काय पाहिजे? मी निघालो गॉब्लिन. एक्क्याऐंशी टक्के. खाली वर्णन होतं: तळघरात रमतो, कान मोठे, बारीकसारीक चकाकती वस्तू दिसली की खिशात टाकतो, आयुष्यात काही फेकून देत नाही, उचललेलं परत करायचं याच्या लक्षात राहत नाही, मनाने वाईट नाही पण जिभेला हाड नाही. ते शेवटचं वाचलं आणि तुझा तो खाली ठेवलेला चमचा माझ्या डोळ्यांपुढे आला. मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. मी पुन्हा सोडवली. पुन्हा गॉब्लिन. मग ड्रॅगन आला तर काय कराल, या प्रश्नाला मी आधी त्याचे दात बघेन असं खरं उत्तर दिलं होतं, ते बदलून त्याच्याशी शांतपणे चर्चा करेन असं टाकलं. तरी गॉब्लिन. शेवटी सगळीच उत्तरं उलटी दिली, तेव्हा टक्के वाढून चौऱ्याण्णव झाले. मुलगी म्हणाली, बाबा, लबाडीचे जास्त मार्क असतात.

मग मी ठरवलं, जिभेला हाड आणायचं. पुन्हा कुणाचा चमचा माझ्यामुळे खाली जायला नको. एक आठवडा एल्फ म्हणून जगायचं. पहिल्या दिवशी हळू बोललो, तर डॉक्टरांनी घसा बसला समजून मला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पाऊल न वाजवता जिना चढलो, तर रिसेप्शनवरच्या बाईंनी मला एकदम शेजारी उभा बघून आख्खा ट्रे सोडला (त्या दिवसापासून माझ्या चपलेला घुंगरू बांधा, अशी त्यांची लेखी मागणी आहे). तिसऱ्या दिवशी खिडकीतून दूर कुठेतरी बघत बसावं म्हटलं, पण तळघराला खिडकी नाही, म्हणून फ्यूजबॉक्सकडे बघत बसलो. वायरमनला बोलावलं गेलं. चौथ्या दिवशी मात्र मी हद्द केली. एल्फांच्या घरात म्हणे पसारा नसतो. माझ्या ड्रॉवरांत तेवीस वर्षांचे प्लास्टरचे साचे आहेत. ज्याच्या ज्याच्या तोंडाचं माप घेतलं त्याचे दात जसेच्या तसे, पाठीवर पेन्सिलीने तारीख टाकून, बिस्किटांच्या डब्यांत. ते सगळे मी डोळे मिटून चार पोत्यांत भरले, ड्रॉवर फडक्याने पुसले आणि पोती मागच्या दाराशी कचऱ्याच्या गाडीसाठी ठेवली. इतकं हलकं वाटलं की त्याच भरात मी शिवणवाल्या बाईंची कवळी पूर्ण केली. काय दात केले म्हणून सांगू! सरळ, शुभ्र, एका रेषेत. कुठे तिरकं नाही, कुठे फट नाही. मला स्वतःचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परत. या बाई चाळीस वर्षं एका शिवणाच्या दुकानाच्या पुढच्या भागात मशीनवर बसतात आणि कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनीच तोडतात. (कवळीने दोरा तोडू नये, असं आम्ही छापून देतो. तो कागद आजवर कोणी वाचलेला नाही.) त्यांच्या मूळच्या पुढच्या दाताला दोऱ्याने घासून घासून एक बारीक खाच पडलेली होती. नव्या कवळीत ती खाच मी एल्फपणाच्या झटक्यात गुळगुळीत करून टाकली होती. बाईंनी कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "दात छान आहेत हो, पण कुणाचे आहेत? आरशात बघितलं तर कुणी पाहुणी आल्यासारखी वाटते. दुकानाचे मालक तर काल मला 'अहो' म्हणाले!"

आत्या, मला एकदम तुझी पहिली कवळी आठवली. तुझा तो पुढचा दात, शेजारच्यावर किंचित चढलेला, मी तसाच चढवला होता, तेव्हा तू माझ्यावर किती चिडली होतीस. जन्मभर ओठाखाली लपवलेला दात मी पुन्हा लावून दिला म्हणून! माणूस ओळखू येतो तो अशाच वाकड्या जागेवरून, हे मी तेव्हा तुला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं, आणि आता स्वतःच विसरलो होतो.

बाईंचा जुना साचा होता, पण पोत्यात. आणि गाडी यायची वेळ झालेली. मी घुंगरासकट जिना चढलो, मागच्या दारी गेलो आणि पहिल्या पोत्यात कमरेपर्यंत शिरलो. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांना फक्त माझे पाय दिसले. ऑर्क असले तरी माणूस भला, काही न विचारता त्यांनी दुसरं पोतं उपडं केलं. गाडीवाला हॉर्न वाजवतोय, रिसेप्शनच्या बाई डबे उघडून तारखा वाचतायत, पायरीवर तीनशे जणांच्या बत्तिशा एका ओळीत मांडलेल्या, आणि त्यांच्यामधून शिवणवाल्या बाई आपले दात असे शोधतायत जशी हरवलेली चप्पल शोधावी. शेवटच्या पोत्यात सापडले. अकरा वर्षांपूर्वीचे, खाचेसकट. (त्याच पोत्यात आणखी एक वस्तू सापडली. तिच्याबद्दल पुढे. किंवा राहू दे.) चार दिवसांत मी नवी कवळी केली. बाईंनी ती घातली, पर्समधून रीळ काढलं, माझ्यासमोर कटकन दोरा तोडला आणि अशा हसल्या की डॉक्टर वरून विचारायला आले, काय झालं म्हणून.

साचे पुन्हा ड्रॉवरात गेले. माझा राजीनामा एल्फांनी स्वीकारला असावा. घरच्या सगळ्यांचा तुला नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझाच,
सशा (चौऱ्याण्णव टक्के)

ता. क. आता डबा उघड. (उघडून झालेला आहे, मला माहीत आहे.) होय, ती तुझीच जुनी कवळी. गेल्या वर्षी तुझ्याकडे राहायला आलो होतो, तेव्हा वाटीतल्या कवळीला एक बारीक तडा दिसला. तळघरात नेऊन सांधावी, तुला चकित करावं, म्हणून रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि साफ विसरलो. दुपारी तुझ्याबरोबर पलंगाखाली वाकून ती शोधणारा मी खरोखर मनापासून शोधत होतो. आठवलं तेव्हा तू शेजारणीच्या मांजरावर आळ घेऊन, तिच्याशी अबोला धरून, नव्या दातांचं माप देऊन मोकळी झाली होतीस. मग सांगायचा धीर झाला नाही, आणि ती साच्यांच्या ड्रॉवरातच राहिली, परवा पोत्यात सापडेपर्यंत. मांजर निर्दोष आहे. त्याला थोडं दूध पाठव.

ता. ता. क. रागावण्याआधी हे वाच: मुलीने तुझ्या वतीने ती प्रश्नावली सोडवली. गॉब्लिन. सत्त्याण्णव टक्के.

ता. ता. ता. क. पियानोचं मी बोललो ते दुसऱ्या कुणी कवळी केली म्हणून नव्हे. बाबांचाही दात तुझ्यासारखाच चढलेला होता, त्यांच्याही 'स'ला तीच शिट्टी होती. ते गेल्यापासून तू हसलीस की मला ते घरात असल्यासारखे वाटायचे. त्या दिवशी तू हसलीस आणि बाबा आलेच नाहीत. मला ते सहन झालं नाही, आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो. तडा सांधला आहे. रोज नको, एकदाच घाल आणि फोन कर. ओरडायचं ते नंतर ओरड, आधी नुसतं 'सशा' म्हण. कोणते दात घातलेस ते मला ऐकूनच कळेल.