शब्द तुम्ही दिला, स्टेरिंग माह्या हाती

अहो अमोलचे बाबा,

लिहायची मले सवय नाही. चौथीतच शाळा सुटली, तुम्हाले माहीतच आहे. अक्षर लागलं तं वाचा, नाही लागलं तं राहू द्या. पण परवा शेजारच्या सुशीलाच्या पोरीचं, वर्षाचं लगन आहे, अन् तुम्ही त्या पोरीले दिलेल्या शब्दापायी घरात, गल्लीत, फोनवर नुसती कटकट चालू आहे. शब्द देऊन तुम्ही मोकळे झाले. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले, पाणी मांगायचीही फुरसत नाही घेतली. मग हे मी कोणाले सांगू? म्हून लिहून राह्यली.

गाडी घेतली तेव्हाच मी म्हणलं होतं, एवढी बुटकी गाडी खेड्यात कायले पायजे? अमोल पुण्याहून सांगून राह्यला, बाबा, उंच गाडी घ्या, आपल्याकडचे रस्ते पाहा. तुम्ही कोणाचं ऐकता? "मागं डिक्की नसली तं ती गाडी नाही, खोकं होय!" म्हणे. अन् घेऊन आले पांढरीफेक, लांबलचक. मोताळ्याच्या बाजारात लोकं वाकून वाकून आत पाहात. मी नारळ फोडलं, हळदकुंकू लावलं, तं तुम्ही दुसऱ्या मिनिटाले फडकं घेऊन पुसाले हजर. रंगाले डाग पडन म्हणे! देवाले नाही घाबरले, डागाले घाबरले.

सीटांवरचं प्लास्टिक किती दिवस काढू नाही दिलं! उन्हाळ्यात बसलं की वरून एसी अन् खालून घाम. लुगडं चिकटे ते वेगळंच. उतरतांना माह्या गुडघ्यायचं तं असं होये, जशी मी विहिरीतूनच वर आली.

पण खोटं नाही बोलत. एकदा का मोठ्या रस्त्याले लागली, की मांडीवर दुधाची गंजी ठेवली असती तरी साय नसती हालली. तुम्ही गाडी चालवतांना कमी बोलत. घरात तेवढं कमी बोलले असते तं आपली भांडणं अर्धीच झाली असती, नाही का?

अन् त्या गाडीले गावानं नवरदेवाची गाडी करून टाकलं. कोणाच्याही पोराचं लगन असो, फुलं लावा अन् काकाले बोलवा. पैसा नाही घेतला कधी. अट एकच, चालवणार तुम्हीच. अन् गतिरोधक आला, की सगळे उतरा. नवरदेवसुद्धा! "उतर बे, पोट टेकते गाडीचं!" पोट्टे म्हणत, काकाच्या गाडीत बसणं म्हणजे अर्धं पायीच जाणं.

सोनाळ्याचं लगन आठवते? पुंडलिकच्या पोराचं? वेशीवरच हा मोठा गतिरोधक. तुम्ही नवरदेवाले उतरवलं, अन् तो फेटा-मुंडावळ्या सांभाळत एकटाच पुढं चालाले लागला. तिकडं मंडपात आरोळी उठली, नवरदेव रुसला! पोरीचा मामा पळत आला, हात जोडले, "जावईबापू, आमचं काय चुकलं?" अन् बोटातली अंगठी काढून त्याच्या बोटात घालाले लागला. पुंडलिक मुकाट उभा, डोळे अंगठीवर! तुम्ही काचेतून मुंडकं बाहेर काढलं, "ओ मामा, अंगठी ठेवा खिशात. पोरगा नाही रुसला, गाडी टेकते!" सारा मंडप हासला. पुंडलिक पोळ्यापर्यंत बोलला नाही तुमच्याशी. मी तेव्हा मागून तुम्हाले किती टोमणे मारले, बुटकी गाडी, बुटकी गाडी! आता भाकरी थापतांना आठवते, अन् एकटीच हासत बसते. सून आली असती घरात तं म्हणली असती, आत्याबाईले बाहेरचं लागलं काहीतरी.

दर लगनाले गाडी सजे, ते वर्षा ओट्यावर बसून पाहे. एक दिवस तुम्ही गाडी पुसून राह्यले होते, तं आली अन् विचारलं, "काका, पोट्ट्यायलेच काऊन गाडी? मी नवरी झाली तं?" तुम्ही फडकं पिळत म्हणले, "तुले तं मी सोता सासरी नेऊन सोडीन. नवरदेवाले म्हणीन, बस मागं गपचूप." किती सहज म्हणले हो! पोरगी कधी इसरली नाही. लेकरायले असा शब्द देऊ नये, की नाही निभवला तं दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

तुम्ही गेले अन् गाडी टिनाखाली उभी राह्यली. उंदरायनं वायरी खाल्ल्या. मिस्त्री म्हणे, काकू, उभी गाडी मरते, चालती ठेवा. चालवणार कोण? अमोल तिकडं. रागारागात मीच बसली. शाळेची गाडी चालवणारा आपला सलीमभाई शिकवाले आला. वावराच्या रस्त्यानं पहिल्या दिवशी नुसता ओरडे, "भाभी, ब्रेक! अहो भाभी, ब्रेक!" मी म्हणलं, "बहिरी नाही मी, पाय सापडू तं दे!" तूर सपाट केली आपलीच, धुऱ्याच्या बांधापासून पार आतपर्यंत. पण शिकली. बुलडाण्याले जाऊन लायसनही काढलं. फोटोत मी चोरासारखी दिसते, तुम्ही पाह्यलं असतं तं महिनाभर चिडवलं असतं.

आता ऐका. अमोलनं गाडीले गिऱ्हाईक आणलं, विकून टाकू म्हणे. गिऱ्हाईक म्हणे, घेतो तं आजच घेतो, लगनाची वाट नाही पाहात. इकडं तुमची बहीण, आक्का, आल्या लगनाले. मी म्हणलं, वर्षाले मी नेऊन सोडते. तं चार बायायच्या समोर म्हणतात, "वर्षही नाही फिरलं अजून. मोकळ्या कपाळाची बाई नवरीच्या गाडीवर? लोकं काय म्हणतील?"

मी कोणाचं ऐकून घेत नाही, तुम्हाले माहीत आहे. पण त्या वेळी उठली अन् आत गेली, डाळ निवडत बसली. खडे कोणते अन् डाळ कोणती, दिसे नाही. खरं सांगा, तुम्ही गेले म्हून मी अपशकुनी झाली का? मीच झाली? एका दिवसात? तुम्ही असते अन् मी गेली असती, तं तुम्हाले कोणी म्हणलं असतं का, नवरीच्या गाडीवर बसू नको?

तेवढ्यात वर्षा आली. हळदीचे हात तसेच. बाहेरचं सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणे, "आक्काआत्या, काकू नाही चालवणार तं मी मेहकरले सासरी पायी जाते."

आक्का म्हणल्या, "शहाणी! सासरच्यायले विचारलं का?"

पोरीनं तिथंच फोन लावला, अन् सगळ्यायले ऐकू येईन असा ठेवला. नवरदेव म्हणे, "मागच्या सीटले एसी आहे ना? मग काकू चालवो की कोणी चालवो." बाया एवढ्या हासल्या! आक्का तोंड वाकडं करून म्हणल्या, "आजकालचे पोट्टे, लाज ना लज्जा." पण जरा वेळानं माह्याजवळ येऊन बसल्या, सूप ओढून घेतलं अन् डाळ निवडाले लागल्या. त्यायचाही भाऊच गेला ना.

मग अमोलले फोन केला. म्हणलं, गिऱ्हाईकाले सांग, लगन झाल्यावर ये.

"आई, तो दुसरी गाडी घेऊन टाकीन!"

"घेऊ दे. अशा गाड्या पडल्या आहेत गल्लोगल्ली. तुह्या बापाचा शब्द एकच आहे."

मग म्हणे, "आई, घाट आहे मधात. रस्ता तरी माहीत आहे का तुले मेहकरचा?"

"तुह्या बापाच्या बाजूले बसून जन्म गेला माहा. मले नाही माहीत तं कोणाले?" पोरगा रडून राह्यला होता, अन् मले वाटलं नेटवर्क गेलं. दोनदा हॅलो हॅलो केलं मी. लेकराले धड रडूही नाही दिलं.

गाडी पुढं विकायची ते विकीन. मी काही तिची समाधी बांधत नाही. पण परवाचं सांगते, ऐकून ठेवा. राजूरचा घाट हळूच चढवीन, कोणी मागून किती हॉर्न मारो. चिखलीले थांबीन, पोरीले पाणी पाजीन, शालू नीट करीन. नवरदेव मागं गपचूप बसन. अन् वर्षाले तिच्या सासरच्या दारात, उंबऱ्यासमोर उतरवीन. हा शब्द माहा.

पाठवणीले सगळ्या बाया रडतील. मी नाही रडणार. चालवणारीले रस्ता दिसला पायजे.

तुमची,
कुसुम