तुमची स्कूटर पास झाली

उस्ताद, सोमवारी दुपारी तुमची स्कूटर माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. तुम्ही गेल्यालाच आता सोळा वर्षं झाली, म्हणजे गाडीचं वय काय असेल ते तुम्हीच मोजा. रंग दुसरा मारलेला, आरसा नवा, सीट फाटून दोनदा शिवलेली, तरी मी मान वर केली ती आवाजानं. तुमच्याकडचं काम सोडून मी याच रस्त्यावर दुकान टाकलं, त्यानंतर तुम्ही होता तोवर आठ वर्षं हा आवाज रोज सकाळी माझ्या दारावरून गेलेला आहे. कधी थांबला नाही. मीही कधी हात दाखवला नाही. आणि आता ती थांबली, तर गाडीवर तुमची मुलगी. मी तुमच्याकडे होतो तेव्हा ती दप्तर घेऊन शाळेत जायची. आता डोक्यात पांढरे केस दिसतात आणि आवाज अगदी तुमच्यासारखा कोरडा आहे. ती गाडी स्टँडवर लावते आणि सरळ मुद्द्यावर येते. "भाई, कार्बोरेटर कोणी उघडून नाई राह्यलं गावात. तुम्ही उघडता काय?"

तिच्या हातात पीयूसीची चिठ्ठी होती. नापास. धुरात कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या दुपटीहून वर. गाडीचं पासिंग संपत आलेलं, पुढच्या सोमवारी बुलढाण्याला आरटीओत गाडी न्यायची होती आणि पीयूसी हातात नसेल तर तिकडे कुणी उभं करत नाही. हे सगळं तिनं मला उभ्याउभ्याच सांगितलं. ती बांगड्या विकते, उस्ताद. मागच्या सीटवर पेट्या बांधून आठवड्याचे बाजार करते, संग्रामपूरपासून खाली लहानसहान गावांपर्यंत. भाऊ कोणी नाही, नवऱ्याचं तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या वेळी पास झाली नाही तर भंगारवाल्याला बोलून ठेवलंय, म्हणाली. हे सांगताना तिनं गाडीकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, बस, पाहतो.

ज्या दिवशी मी तुमचं दुकान सोडलं तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मला ओळीनं आठवतो. एका मास्तरांची व्हॅन आली होती, मागून काळा धूर, दुसऱ्या दिवशी तपासणी. मी तेव्हा लेकुरवाळा, अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काढलेला, मला वाटायचं मला सगळं येतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, मिश्रणाचा स्क्रू पाऊण आटा फिरवला, पेट्रोल कमी केलं आणि धूर बंद. मास्तर खूश. तुम्ही जेवून आलात, कान लावून इंजिन ऐकलं आणि मास्तरांच्या, चहावाल्याच्या, दोन गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालात, "तू बुखार नाई उतरवला बे. थर्मामीटर फोडलं." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, लगेच फ्लोट उघडायला बसलात, आणि पेट्रोलवर तरंगायच्या त्या फ्लोटला चीर होती, आत पेट्रोल भरून तो बुडून बसला होता. तुमचं बरोबर होतं. म्हणून तर जास्त लागलं. संध्याकाळी मी हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी आलो नाही. सहा महिन्यांनी माझ्या दुकानावर पाटी लागली त्या दिवशी तुम्ही आला नाहीत, पण घरून चाचीच्या हाती एक पितळेची पट्टी पाठवलीत, फ्लोटची उंची मोजायला स्वतः कानसीनं घासून केलेली. मी ती घेतली. आभार मानायला दोनशे पावलं चालत यायला हवं होतं, ती आठ वर्षांत चाललो नाही. माणूस किती गाढव असू शकतो याला काही हद्द नाही, उस्ताद, आणि मी तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होतो, म्हणजे लहान होतो असंही म्हणता येत नाही.

असो. गाडी. प्लग काढला तर कोरड्या काजळीनं काळाकुट्ट. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोटही काळं. इंजिन सुरू ठेवलं तर मात्र ठोका बरा, थोडा जड. एअर फिल्टर काढला तर त्यात धूळ आणि कापसाची बारीक तूस इतकी भरलेली की गाडीला श्वास कसा येत होता हेच नवल. मला वाटलं, झालं, सापडलं. फिल्टर नवा, प्लग नवा, संध्याकाळी गाडी तिच्या हवाली. मंगळवारी बाजाराला निघताना ती बसस्टँडजवळच्या पीयूसीवर गेली. नापास. दुपारी पुन्हा माझ्या दारात. मग बुधवारी मी कार्बोरेटर उतरवला. बारीक भोकांचे सगळे जेट काढले, तारेनं नाही, तुम्ही शिकवलं तसं फुंकर मारून साफ केले, सुईच्या टोकाला झीज आहे का ते भिंगाखाली पाहिलं, तुमच्या पट्टीनं फ्लोटची उंची मोजली. सगळं जागच्या जागी. पितळेवर हिरवट थर होता म्हणून चिंचेच्या पाण्यात उकळायला टाकलं. घरात मी एकटाच, कोणाच्या भांड्याची काळजी नव्हती.

तुमच्या स्वयंपाकघरात तसं नव्हतं. दुकानाच्या मागचं दार उघडलं की चाचीची चूल, आणि तुम्ही तिच्या पातेल्यात चिंच घालून कार्बोरेटर उकळत ठेवायचे. ती शेजारी गेली की ठेवायचे आणि ती यायच्या आत काढायचे, तेही मला पहाऱ्याला बसवून. एकदा ती लवकर आली. त्या रात्रीच्या सालनाला पेट्रोलचा वास येतो असं ती म्हणाली, तुम्ही शपथेवर नाही म्हणालात, आणि मी मधे बसून दोघांच्या बाजूनं मान हलवत जेवलो. रोजांच्या महिन्यात तुम्ही दोघं तोंडाला पाणी लावत नसायचात, तरी दुपारी मला आत पाठवायचे. मी लाजलो तर म्हणायचे, रोजा माझा हाय, तुझं पोट काऊन उपाशी. त्या चुलीपुढे एकटं बसून भाकर खाताना मला फार अवघड व्हायचं. आता रोज एकटाच जेवतो आणि तेव्हाचं ते अवघडणं हवंहवंसं वाटतं.

बायको तीन वर्षं पुण्यात मुलाकडे आहे, नातीला सांभाळायला. रोज संध्याकाळी फोन येतो, जेवलात का, हो, काय केलं, खिचडी. मला चला म्हणतात. तिथे मी काय करणार? इथेही फारसं काही करत नाही म्हणा. नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही, यंत्र जोडतात आणि पडद्यावर बिघाडाचा नंबर येतो. माझ्याकडे येतात ते पंक्चर विचारायला. कधीकधी दिवस दिवस मी कुणाशी बोललेलो नसतो हे मला संध्याकाळी फोनवर पहिला शब्द घोगरा निघाला की कळतं. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला काही ती झाली नाही.

आणि या आठवड्यात रोज कोणीतरी येत होतं. ती स्टूल ओढून बसायची. पहिल्या दिवशी कामापुरतं बोलली, दुसऱ्या दिवशी चहा मागवला, तिसऱ्या दिवशी स्वतःच थर्मासात घेऊन आली. चाची कशी गेली ते सांगितलं. तुम्ही शेवटच्या वर्षी हात थरथरत असूनही ही गाडी कुणाला उघडू देत नव्हता हे सांगितलं. मी पाना फिरवत ऐकत होतो आणि उगाच एकच नट दोनदा कसत होतो. बुधवारी माझ्या मनात तो स्क्रू आला. पाऊण आटा फिरवला असता तर चिठ्ठीवर आकडा खाली आला असता, ती बुलढाण्याला गेली असती, काम संपलं असतं. स्क्रू ड्रायव्हर खाचेत लावलासुद्धा. मग काढून घेतला. तुम्ही पाहत असाल म्हणून नाही. बिघाड सापडला नव्हता म्हणून.

गुरुवारी सकाळी ती गाडी घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. चिठ्ठी तीच. मी म्हणालो, ठेव इथं, पुन्हा पाहतो. शुक्रवारी तिला संग्रामपूरच्या बाजाराला जायचं होतं, ते राहिलं. पेट्या घेऊन बसमध्ये चढता येत नाही. दुपारी ती पायी आली, स्टूलवर बसली, बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. मग पदरानं सीटवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "जाऊ द्या भाई. आजच फोन केला मी भंगारवाल्याले. उद्या सांजच्याले येतो म्हणे. अब्बा असते तं थेही थकले असते आता." रडली नाही. रडली असती तर मला बरं झालं असतं. तुमची गाडी टेम्पोत आडवी पडलेली मला दिसली आणि मी तिला म्हणालो, उद्या सकाळी ये, बाजाराला नेतेस ते सगळं सामान रिक्षात घालून ये.

तुम्ही म्हणायचे, गाडीले काय विचारतं बे, गाडीवर बसणाऱ्याले विचार. एका तलाठ्याच्या गाडीचे ब्रेक महिन्याला झिजायचे, तर तुम्ही पाना न उचलता त्याला गावाबाहेर चक्कर मारायला लावली आणि त्याच्या पायाकडे पाहिलंत, पाय सतत ब्रेकवर. शनिवारी मी तेच केलं. तिला म्हटलं, निघतेस तशी नीघ. तिनं पेट्या मागे बांधल्या. बांगड्यांची मोठी रेक्झिनची पिशवी पायाशी फळीवर उभी केली आणि ती सरकून पडू नये म्हणून तिचा बंद सीटखालच्या चोकच्या खटक्याला अडकवला. पिशवी पुढे कलली, बंद ताणला गेला, खटका दोन बोटं बाहेर आला. झालं. गाडी दिवसभर चोक ओढून चालत होती, गरजेहून जास्त पेट्रोल पीतच होती. माझ्याकडे आली की ती पिशवी आधी उतरवायची, मग स्प्रिंगनं खटका आत, आणि माझ्यासमोर गाडी शहाण्यासारखी. पीयूसीवर मात्र सामानासकट. मी बोटानं दाखवलं. तिनं खटक्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. "म्हंजे मीच बिमारी होती?" मी पुढच्या बाजूला एक लोखंडी हूक बसवून दिला, पिशवी त्याला. दहा मिनिटांत ती पास झालेली चिठ्ठी हलवत परत आली. भंगारवाल्याला माझ्यासमोरच फोन करून नको म्हणाली. मला म्हणाली, अब्बाचा हात आहे तुमच्या हातात. मी मान खाली घालून हूकचा नट पुन्हा कसला.

मान खाली घातली त्याचं कारण तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. मला ते शनिवारी सापडलं नाही. गुरुवारी सकाळी ती माझ्या दारातूनच सामान लादून निघाली तेव्हा बंद अडकवताना मी पाहिलं होतं. खटका बाहेर आलेला पाहिला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ होती. माझ्या हातात फडकं होतं, मी हात पुसत उभा राहिलो आणि ती नापास होऊन परत येणार हे ठाऊक असून तिला जाऊ दिलं. पास झाली असती तर स्टूल रिकामं झालं असतं, एवढंच कारण. त्यापायी तिचा संग्रामपूरचा बाजार बुडाला आणि तुमची गाडी भंगारात जाता जाता राहिली. तेव्हा तुम्ही चार माणसांत बोललात त्याचा मला इतकी वर्षं राग होता. आज तुम्ही दुकानात असता आणि बोलला असता, तर मी ऐकून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलो असतो.

हा कागद कुठे पाठवणार. तिच्या हाती द्यावा तर ती वाचेल. टेबलाच्या खणात ठेवून देतो. काल जाताना तिनं किक मारली, मग थांबून विचारलं, पुढच्या हप्त्यात ऑइल बदलायले आणू काय. ऑइल मी शुक्रवारीच बदललेलं आहे, तिच्यासमोर, ती भंगारवाल्याबद्दल बोलत होती तेव्हा. तिच्या लक्षात नसेल. मी म्हणालो, आण.