दुसऱ्या टाकीतलं शिळं पाणी

४ डिसेंबर
आज पुन्हा अण्णांच्या, आमच्या वडिलांच्या, वाट्याला गार पाणी. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, तेव्हापासून डॉक्टर म्हणतात, ऊन वर आल्याशिवाय अंघोळ नको. म्हणजे नंबर शेवटचा. तोवर टाकी संपलेली.
हे घर बांधताना विनयने, माझ्या धाकट्या भावाने, बागेत खोल बोअर पाडून पाइप सोडले. जमिनीतली ऊब पंप वर आणतो, त्यावर पाणी तापतं. बंगळुरातल्या आमच्या सर्जापूर रोडची निम्मी गल्ली बघून गेली. सीतामाई भूमीच्या पोटात का गेली, याचं एक नवं कारण कळलं म्हटलं. विनय हसला नाही.

७ डिसेंबर
विनयचा उपाय: पहिल्या टाकीआधी आणखी एक टाकी. हिला वीज नाही. पंपाची उरलेली ऊब रात्रभर हिच्यातल्या पाण्यात मुरणार, मग ते कोमट पाणी मोठ्या टाकीत जाऊन तापणार. संपायचं नाही. "अक्का, अण्णांसाठीच करतोय."

१३ डिसेंबर
प्लंबर मंजुनाथने टाकी जिन्याखाली बसवली. अण्णा खुर्ची टाकून देखरेखीला. त्यांनीच हौसेने विचारलं, पाणी रात्रभर यातच राहतं?
"हौदु सार! रात्रभर फुल. बेळिग्गे बिसी बिसी!" सकाळी गरमागरम, म्हणे. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.
अण्णा "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि आत गेले. त्यांचं हे "सरी" मी ओळखते.

१४ डिसेंबर
सकाळी अण्णांची बादली बागेत, थेट पाण्याच्या बोअरच्या नळाखाली. रात्रभर साठलेलं पाणी शिळं. त्याने अंघोळ करून देवाला हात लावायचा नाही.
"अण्णा, जुन्या टाकीतलं तरी काय आजचं असायचं?"
"त्याची मी कधी चौकशी केली नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत बांधलंत."
गंगाजल शिळं होत नाही, टाकीत दोन थेंब सोडू का, मी विचारलं. "सोड. आणि मंजुनाथला भगीरथ म्हण."

१७ डिसेंबर
खोकला. गॅसवर बोअरचं पाणी तापवून देते म्हटलं. "पातेली उचलण्यात तुझ्या आईची पाठ गेली. माझ्यापुरतं वेगळं काही करायचं नाही." मग गीझर, रॉड, सगळंच बाद.
विनय वैतागला. "सांग ना, पहाटे टाकी रिकामी करून भरतो म्हणून." उन्हाळ्यात टँकरमागे धावणारे आम्ही रोज टाकी ओतून देतो, हे कोण खरं मानेल? शिवाय संस्कृत मला अण्णांनीच शिकवलं. माझ्या वाक्याची फोड त्यांना माझ्याआधी येते.

२० डिसेंबर
पोथ्या काढल्या. सूट आहे. खरं तर लहानपणी त्यांनीच सांगितलेली. आजाऱ्याला, पोथीच्या भाषेत आतुराला, नियम सैल. कसलंही ऊन पाणी, ओल्या फडक्याने पुसणं, नुसता मंत्रसुद्धा चालतो.
वाचून दाखवलं.
"ही आतुराला आहे. इथे आतुर कोण?"
त्यांनी खोकला दाबला.
पाण्याला शिळं म्हणणं सोपं. स्वतःला...

२३ डिसेंबर
ताप. डॉ. म्हणाले, छातीत पुन्हा आवाज येतोय. गार पाणी लावलंत तर ॲडमिट करीन. अण्णा भिंतीकडे बघत होते. पूजा दोन फुलं वाहून विनयने उरकली. उरकली हा शब्द अण्णांचा.

२८ डिसेंबर
ताप उतरला. सकाळी अण्णा कुणाला न सांगता बाथरूममध्ये गेले. पाइपातून पाणी वाहायला लागल्याचा आवाज स्वयंपाकघरात आला. विनयची बायको आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. गरम नळच होता.
बाहेर आले ते अंगाची वाफ घेऊनच. "विनयला सांग, पाणी छान आहे."
मग देवघराच्या उंबऱ्याशी थांबले. आत गेले नाहीत. बाहेर खुर्ची ओढून बसले.
"आजपासून पूजा तू कर," मला म्हणाले.
"अण्णा, आतुरालाही पूजा चालते. तुम्हीच शिकवलंत."
"मी काय शिकवलं ते मला ठाऊक आहे. घंटी डाव्या हातात धर."
केली. अण्णांनी बाहेरून दोन चुका काढल्या. मी तीर्थ द्यायला गेले, तर त्यांचा हात जरा उशिराच पुढे आला.
"स्वल्प बरं वाटलं की..." म्हणाले.
विनयचा ऑफिसातून फोन. टाकी चालली ना, अक्का?
चालली म्हटलं.