चारशे दोनची मावशी

सोम., ६ जाने.
लिफ्टमधी चवथ्या माळ्यावरची नवीन बाई भेटली. हसली. शहराबाहेर बेसाले पोराकडं, नितीनकडं, राहाले आल्यापासून या बिल्डिंगमधी माझ्याकडं पाहून हसलेली पहिलीच. विचारते, "मावशी, किती घरं आहेत तुमच्याकडे?" मले वाटलं, इस्टेटीची चौकशी करून राहिली. इतवारीतलं घर तर हे गेल्यावर विकलं. म्हटलं, "आता एकच. सहाशे तीन."
"मग वेळ असेल ना? आमच्या पोळ्या कराल? चारशे दोन."
तवा उजेड पडला. सुती पातळ, पायात स्लीपर, हातात सांभाराची जुडी (सून कोथिंबीर म्हणते). सांगाले पाहिजे होतं, बाई, सहाशे तीनचा इंजिनिअर माझ्या पोटचा आहे. तोंडातून निघालं, "हाव."
काहून निघालं, देव जाणे.

मंगळ., ७
गेली. ऋचा, माझी सून, कानात ते घालून लॅपटॉपशी बोलून राहिली होती. "जरा खाली जाऊन येते" म्हटलं. "हं आई." एवढंच.
आमच्या घरी स्वयंपाक वंदना करते. मी ओट्याजवळ गेली की ऋचा म्हणते, आई, तुम्ही आराम करा. आराम करू करू कंबर धरली. आज लय दिवसांनी हाताले कणिक लागली. पोळ्या टम्म फुगल्या. चारशे दोनवाली (अदिती नाव आहे) उभ्याउभ्या एक कोरडीच खाऊन गेली.
परत आली तर ऋचा अजून बोलूनच राहिली होती.

शुक्र., १०
लिफ्टचा घोळ आहे. कामवाल्यायनं मागची लिफ्ट वापरावी अशी पाटी आहे. सहाव्या माळ्यावरून मी आई म्हणून निघते, चवथ्यावर मावशी होते. मधात कोणती लिफ्ट धरावी? जिन्यानं जाते. गुडघे शिव्या देतात.
अदिती आणि तिचा नवरा माझ्यासमोर इंग्रजीत भांडतात. मी म्हणजे त्यांचा फ्रिज. शब्द समजत नाहीत, पण मी पोळी लाटता लाटता कोण जिंकून राहिलं ते बराबर सांगीन. आज ती.

सोम., १३
वाईट झालं. वंदना भांडे आपटत होती. काय झालं वं, विचारलं. तिच्या जावेचं, सुनंदाचं, चारशे दोनचं काम पक्कं झालं होतं. सुनंदाले ताप आला, आठ दिवस जाता आलं नाही, तेवढ्यात कोणी म्हातारी घुसली मधात. "दिसू दे मले एक डाव," वंदना म्हणे.
चहा नाकात गेला. वंदनानंच पाठीवर थापट्या मारल्या.
सुनंदाच्या घरी दोन पोरी आहेत, नवरा बसून आहे. आणि मी आपली हौस भागवून राहिली. उद्या संक्रांत. परवा सांगते अदितीले.

बुध., १५
सांगणं राहिलं. मी तोंड उघडाच्या आधी अदिती म्हणाली, मावशी, संध्याकाळी हळदीकुंकू आहे, थांबाल का, माझं कोणी नाही इथं. चेहरा एवढासा करून म्हणाली. राहते म्हटलं.
घरी ऋचा नटून राहिली होती. "आई, खाली हळदीकुंकू आहे. तुम्ही टीव्ही बघा हं, तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं होईल." विधवा बाई, बोलावणं कुठलं. मी म्हटलं, बरं. ती पावडर लावेपर्यंत जिन्यानं खाली.
ठरवलं होतं की स्वयंपाकघराबाहेर पाय टाकाचा नाही. तीळगुळाच्या पोळ्या भाजल्या, कॉफी उकळली. अन् अदितीनं ट्रेच हातात दिला. "मावशी, प्लीज." ढकललंच बाहेर.
सोफ्यावर तिसरी ऋचा. देवाचं नाव घेतलं अन् ट्रे समोर धरला. तिनं कप उचलला, मोबाइलमधी पाहत म्हणाली, "थँक्यू मावशी."
मले माझ्याच घरातल्या बाईनं. हातभर अंतरावरून.
आत येऊन ओट्याले धरून हसली. पदर तोंडात कोंबून हसली. मग हसू थांबलं तरी पदर काढता येईना.
घरी ऋचा म्हणे, आई, काय पोळ्या होत्या त्यांच्या मावशींच्या! आपल्याकडे बोलवायचं का?
"कशी आहे दिसाले?" मी विचारलं.
तिनं विचार केला बिचारीनं. "अशीच. मावशी असतात तशी."

शुक्र., १७
सांगितलं. उद्यापासून येत नाही, सुनंदाले बोलवा, तिचंच काम आहे. अदिती म्हणे, मावशी, माझं काही चुकलं का? तवा म्हटलं, मी सहाशे तीनच्या नितीनची आई.
ती हसली. "नितीनच्या आई इथे राहतात? ऋचा कधी बोलली नाही."
मी पोळी उलटवली. मग तिचं तोंड पांढरं पडलं. "काकू," म्हणाली. एका श्वासात मावशीची काकू. धावत खुर्ची आणली. मी म्हटलं, राहू दे, तवा तापला आहे, शेवटच्या पोळ्या करून जाते. ती ऋचाले सांगू नका म्हणून हात जोडत होती, मीही तेच म्हणून हात जोडत होती. एक पोळी जळाली.

शनि., १८
वंदनाले खरं सांगितलं. तिले राग येईल हे माहीत होतं. लाटणं खाली ठेवलं तिनं. "काकू, तुमाले काय कमी होतं वं? आमच्या पोटावर काहून आल्या?"
काय सांगू. म्हटलं, कोणी विचारलंच नव्हतं मले, की करता का म्हणून. चारशे दोनवालीनं विचारलं.
वंदना ओट्याकडं वळली. भाजी परतली, झाकण ठेवलं. सुनंदा उद्यापासून जाणार, एवढं सांगितलं. अन् दारातून म्हणाली, "उद्या कणिक तुमीच मळा. पोळ्याही लाटा. मी भाजी करते. मॅडमले समजत नाही."

रवि., १९
केल्या. वंदना बाजूले उभी राहून नावं ठेवत होती, काकू, तेल लय लावता.
जेवताना ऋचा म्हणाली, "वंदना, आज पोळ्या काय झाल्यात!" वंदनानं सांभाराचं ताट उचललं अन् गॅलरीत गेली.
ऋचानं दुसरी घेतली. उलटी केली, पदर सोडवून पाहिले. "अगदी त्या खालच्या मावशींसार..."
थांबली. माझ्याकडं पाहिलं. कपाळ, डोळे, नाक, मग हात. इतकं कोणी पाहिलं नाही मले, यांच्यानंतर.
"दही आण ना," नितीन म्हणे. ऋचा उठली, दही आणलं, त्याच्याकडं सरकवलं. नजर माझ्यावरच. खुर्चीवर बसलीच नाही.
"आई," म्हणाली, "बुधवारी तुम्ही टीव्हीवर काय बघितलं?"
मी तोंडात मोठा घास घालून घेतला. अजून चावून राहिली आहे.