ताईचा ब्लॉग उघडत का नाही

प्रिय धाकटे,

ताईचा ब्लॉग उघडत का नाही, असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा "सर्व्हरचं काम काढलंय" असं सांगून मी वेळ मारून नेली. फोन चालू असताना ती शेजारीच बसलेली असते, म्हणून आज दुकानात बसून हाताने लिहितोय. समोर एका पंपाची मोटर उघडी पडली आहे. गिऱ्हाईक दुपारी येतो म्हणालंय. येऊ दे.

ब्लॉग कुठे ठेवायचा यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा आमच्या लग्नाच्या वेळीही झाला नसेल. पहिली जागा फुकटची होती. तिथे तिच्या शिवणकामाच्या लेखाखाली टकलावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात यायची, आणि खाली तुझी प्रतिक्रिया, तुझ्याच शुद्धलेखनात, की भाऊजींना एक बाटली घेउन ठेव. मग पैसे भरून दुसरी जागा घेतली. ती कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली आणि त्या उलाढालीत तिचे निम्मे फोटो गेले. तक्रार केली तर उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तेव्हा मी म्हटलं, भाड्याच्या घरात खिळा ठोकायचीही चोरी, त्यापेक्षा आपल्याच घरात ठेवू. मोटर वाइंडिंग करणारा माणूस सर्व्हर काय चालवणार, असं तुझा नवरा म्हणाला होता, ते माझ्या लक्षात आहे. मला कुणी शिकवलं नाही. मी पुस्तकं आणली, अडलो, पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, आणि जिन्याखालच्या कपाटात यंत्र बसवलं. लाइट गेली तरी ते बंद पडत नाही. त्याला एवढं सांग.

हे सगळं खरं आहे, पण ब्लॉग घरी आणायचं कारण फोटो नव्हतं.

तिचा तो बाहीवरचा लेख तुला आठवत असेल. बाहीचा घेर, ती जिथे जोडतात त्या मुंढ्यापेक्षा थोडा जास्त का ठेवायचा, आणि एक खांदा उतरता असलेल्या त्या पोस्टमास्तरांचा शर्ट तिने असा शिवला की त्यांच्या बायकोलाही खांदा सरळ वाटायला लागला. फार छान लिहिला होता. पुढच्या महिन्यात तिने तोच लेख पुन्हा टाकला. मला वाटलं, बटण दोनदा दाबलं गेलं असेल. तसं नव्हतं, तिने तो पुन्हा बसून लिहिला होता. मग आणखी एकदा. दर वेळी थोडं काहीतरी गळायचं. आधी पोस्टमास्तरांची बायको गेली, मग मुंढा हा शब्द गेला आणि त्या जागी "ते भोक" आलं. वाचणाऱ्या बायका आधी सांभाळून घेत होत्या. मग एकीने लिहिलं, ताई, टेप अडकली का? खाली चार-पाच हसरे चेहरे. ताईने ते वाचलं आणि मला विचारलं, कसली टेप हो, मोजायची?

डॉक्टरांनी तिच्या मेंदूची चित्रं उजेडावर धरून मला दाखवली. मी विचारलं, नेमकं कुठे गेलंय? त्यांनी बोट ठेवलं. जळालेलं कॉइल मी सोडवतो, वेढे मोजतो आणि तितकेच पुन्हा भरतो. मोटर पहिल्यासारखी फिरते. मी तसं त्यांना बोललोही. ते म्हणाले, काका, यात दुरुस्ती नसते, सांभाळणं असतं. तुला सांगणार नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आता ते कबूल करून घेतल्याचं तिला आठवत नाही, म्हणून मी मोकळा झालो असं मात्र मला वाटत नाही.

एकदा मी तिचा लेख बाहेर जाण्याआधी अडवून ठेवला. तिला बरोबर कळलं. माझं लिहिणं अडवणारे तुम्ही कोण, असं म्हणून दोन दिवस बोलली नाही. मग मी ब्लॉग घरच्या यंत्रावर आणला आणि बाहेरचं दार बंद केलं. आता तो फक्त आमच्या घरात उघडतो. ती लिहिते, "प्रकाशित करा" दाबते, पान झळकतं, ती खूश होते. ते पान तिच्याशिवाय फक्त मी पाहतो. कुणी हसत नाही. कुणी काहीच लिहीत नाही. रोज चहाच्या वेळी विचारते, धाकटीचं काही आलं का? मी म्हणतो, कामात असेल.

गेल्या आठवड्यात मला ते सहन झालं नाही. तुझ्या नावाने मीच प्रतिक्रिया लिहिली, चांगली चार ओळींची. तिने चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, ही धाकटी नाही. ती इतकं शुद्ध कुठे लिहिते? आणि तुमची खोडी काढल्याशिवाय तिला राहवतं का? मी चहाचं भांडं उचलून आत गेलो.

बाही ती विसरली, मुंढा विसरली, परवा मला "दुकानवाले" म्हणाली. पण तुझा आवाज तिला अजून लिहिलेल्यातूनही ओळखता येतो. किती दिवस येईल, ते डॉक्टर सांगत नाहीत. काल तिने नवीन लेख टाकला. त्यात एकच ओळ आहे: मी लिहिते ते कुणाला पोचतं का? त्याखालची चौकट रिकामी आहे, आणि ती ते पान उघडून समोर बसून असते. दार सताड उघडलं तर लोक तिला पाहतील, बंद ठेवलं तर ती अशीच बसेल. यातलं बरोबर कोणतं, ते सांगणारं पुस्तक मला मिळालं नाही. तुझ्या एकटीपुरतं दार मी उघडून दिलंय. कसं शिरायचं ते मागच्या पानावर एकेक पायरी लिहून ठेवलंय. कळलं नाही तर नवऱ्याला विचार, मला कमीपणा वाटणार नाही. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी लिही. आणि मग मी ते सगळ्यांसाठी उघडू की नको, तेही तूच ठरव. माझ्याने होत नाही.

तुझेच, हात टेकलेले
भाऊजी