नातीचा जोड आणि माझी साफसफाई

धाकट्या भावास थोरल्या ताईचे आशीर्वाद, आणि मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस म्हणून कानही धरलेला समजावा. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही एकमेकांचं ऐकत नाहीत, बाकी ठणठणीत.

तर आपली नात (लाड तू करायचे, ओरडायचं मी) कारखान्यात लेझरने तांबं आणि पोलाद जोडते. जोडते म्हणजे काय, चिकटतं आणि तडकतं. तांबं आच पळवतं, पोलाद धरून बसतं, निवताना दोघं आपापल्या बाजूला ओढतात आणि जोडावर केसाएवढी भेग. म्हणून मधे निकेलची पातळ पट्टी घालायची. तीही घातली, भेग बारीक झाली, गेली नाही. मालकाने बजावलेलं, शनिवारी धड जोड दाखव, नाहीतर परत पॅकिंगला बस. पोरगी आठवडाभर नीट जेवली नाही. (सुनेने दोष माझ्या स्वयंपाकाला दिला.)

आज शनिवार. ती चष्मा विसरली, तो द्यायला मी गेले. टेबलावर चकाकत्या कपट्यांचा पसारा. आपल्याला घाण बघवत नाही, सगळं झाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग कळलं, त्याच त्या निकेलच्या पट्ट्या. नात रडली नाही, तिने लेझर बंद केला आणि चष्मा काढून ठेवला. त्यापेक्षा रडली असती तर बरं. मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बऱ्याच चुरगळल्या होत्या, एक सरळ सापडली, ती स्पिरिटने पुसून तिच्या हातात दिली.

जोड झाला. मालकाने तो भिंगाखाली धरला, शिकंज्यात आवळून वाकवला, पिळला. काही होईना. म्हणाला, "हाच. सोमवारपासून असेच पन्नास पाहिजेत." नातीने मला उचललं, या वयात, सगळ्यांसमोर. मी सांगितलं, हात माझ्यावर गेलाय तिचा.

ता. क. खरं सांगते. मी दिलेली पट्टी एक नव्हती, स्पिरिटने ओल्या होऊन दोन चिकटलेल्या. बोटांना कळलं होतं, पण जोड टिकल्यावर कोण तोंड उघडतं? आता ती एकेक घालणार आणि पन्नासच्या पन्नास तडकणार. तू कारखान्यात जन्म काढलास. हे पत्र जावयाबरोबर पाठवते, उद्याच फोन कर आणि आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांग, मधला थर दुप्पट करून बघ.

पुन्हा ता. क. ते फोनवर सांगायची गरज नाही. नात आत्ता मागे उभी राहून वाचत होती, मेली. म्हणे, "आजी, जोड कापून बघितला तेव्हाच दोन थर दिसले. तू कधी कबूल करतेस तेवढंच बघत होते." तरी फोन कर आणि तिला शाबासकी दे. मी दिली तर घरचे डॉक्टर बोलावतील.