समोर येऊन बोल

३ फेब्रुवारी

दमले! अठरा मुलं, सगळी तीन-चार वर्षांची. सहा जणं एकाच वेळी रडत होती आणि सातवं त्यांच्याकडे बघून रडायचं की हसायचं ते ठरवत होतं. माझी गत त्या सातव्यासारखीच.

बालवाडीत शिकाऊ म्हणून पहिला दिवस. प्रशिक्षण वर्षभराचं आहे, पण तीन महिन्यांनी वर्गाच्या ताईंची सही मिळाली तरच पुढे. वर्गाच्या ताई म्हणजे मुलांची 'मोठी ताई'. पन्नाशीच्या, सडपातळ, केसांची एक बट कायम कपाळावर. मी 'नवी ताई'. पस्तिसाव्या वर्षी नवी!

त्यांनी आल्या आल्या बजावलं, "लांबून हाक मारायची नाही. पाठमोरं बोलायचं नाही. खाली बसायचं, समोर यायचं, मग बोलायचं." लगेच लिहून घेतलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पोरं सांभाळायला शिकावं लागतं होय? मी पाच वाढवली, कोणाची सही घेतली नाही."

५ फेब्रुवारी

निरीक्षण वही मिळाली. दिसेल तेवढंच लिहायचं, वाटेल ते नाही. "मूल हट्टी आहे" हे चूक. "मुलाने ताट तीन वेळा ढकललं" हे बरोबर. मुलांची नावंही लिहायची नाहीत. म्हणून मी टोपणनावं ठेवली. एक खारूताई — खिशांत खडूचे तुकडे, बटणं, झाडाची साल, कुणाचा तरी एक मोजा! आणि एक दादोबा. सगळ्यांना रांगेत उभं करतो, स्वतः कधी रांगेत नसतो.

१२ फेब्रुवारी

मोठ्या ताईंचं मला काही कळत नाही. त्या भिंतीवर चित्रं चिकटवत होत्या. मी मागून विचारलं, "ताई, रंगाच्या वाट्या धुऊन ठेवू?" उत्तर नाही. परत विचारलं. नाहीच. तिसऱ्यांदा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. काय चुकलं माझं? सकाळी पाच मिनिटं उशीर झाला होता, ते?

झाडलोट आणि मुलांचा खाऊ बघणारी मावशी तिथेच होती. हळूच म्हणाली, "समोर जाऊन विचार गं. तिला मागून बोललेलं चालत नाही."

गेले समोर. तर इतक्या गोड हसल्या! "धुऊन ठेव की, त्यात विचारायचं काय?"

म्हणजे रागावल्या नव्हत्या. मग ते काय होतं?

२० फेब्रुवारी

खारूताईने आज माझी हनुवटी धरली, माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि मगच सांगितलं की तिला शू लागली आहे. बघितलं तर सगळीच मुलं मोठ्या ताईंशी असंच करतात. हनुवटी, गाल, कधी नाक. समोर आल्याशिवाय एकही बोलत नाही. आणि एका वेळी एकच! आमच्या घरात चार मोठी माणसं आहेत, त्यांना हे जमत नाही.

सगळं वहीत उतरवलं. बैठक भिंतीला पाठ लावून. नजर सतत सगळ्या मुलांच्या चेहऱ्यांवर. महिन्यातून एकदा वह्या तपासायला बाहेरून परीक्षक बाई येतात. त्यांनी खाली लिहिलं — 'अतिशय सुंदर पद्धत. बारकाईने टिपली आहे.'

अंगावर मूठभर मांस चढलं. मोठ्या ताईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, वही मिटली आणि हात धुवायला गेल्या. हात स्वच्छ होते त्यांचे!

६ मार्च

आजचा दिवस कोणावर येऊ नये.

मी दारातून विचारलं, "ताई, मणी आणू का?" त्या माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "आण ना. पण सगळ्यांना एकदम देऊ नकोस, सांडवतील." मी मोठ्या मुलांच्या वर्गातून मण्यांचा डबा आणला. पाच मिनिटांत दादोबाने एक मणी नाकात घातला.

ओरडला नाही. नुसता थांबला, आणि त्याचे डोळे मोठे झाले. मावशीने त्याची दुसरी नाकपुडी दाबली आणि म्हणाली, "हं, फूऽ कर जोरात." मणी टणकन खाली.

मोठ्या ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मणी कोणी आणायला सांगितले?"

"तुम्हीच, ताई."

"तू पाणी आणू का म्हणून विचारलंस!"

मी मणीच म्हणाले होते. म्हणालेच होते! की नाही? दुपारपर्यंत मला स्वतःचीच खात्री राहिली नाही. माझ्या कागदांवर त्यांनी शेरा लिहिला — 'सूचना नीट ऐकत नाही.'

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "बारा वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" आणि हसले. मला अजिबात हसू आलं नाही.

७ मार्च

आज प्रत्येक वाक्य दोनदा बोलले, चूक नको म्हणून. मोठ्या ताई म्हणाल्या, "मी काय बहिरी आहे?" मी हसले. मावशी नाही हसली.

१९ मार्च

दादोबाच्या आईने मला नमस्कार केला. म्हणजे मण्याचं मनावर घेतलेलं नाही, किंवा तिला कोणी सांगितलेलंच नाही. मी आपली नमस्कार करून मोकळी झाले.

८ एप्रिल

जमेल तसं लिहिते.

मी चौघांना घेऊन अंगणात होते. वाळू. अचानक ठोकल्याचा आवाज, आणि "ताईऽ, ताईऽ." मुलं खेळात ओरडतात तसं वाटलं आधी. मग तो आवाज चिरका झाला. चौघांना तिथल्या माळीबुवांच्या हवाली करून धावले.

बाकीची मुलं जेवणाच्या खोलीत गेलेली, मावशीबरोबर. वर्गात मोठ्या ताई एकट्याच. भिंतीवर कागदी पानं चिकटवत होत्या. त्यांच्या पाठीमागे, दोन पावलांवर सामानाच्या खोलीचं दार. ते दार आतून धडाधडा हलत होतं — आणि त्या स्वतःशी हसत पानं सरळ करत होत्या! अगदी निवांत.

कडी काढली. खारूताई. घामाने केस चिकटलेले, चेहरा लालबुंद, दोन्ही खिसे खडूंनी भरलेले. खडू घ्यायला आत शिरली आणि जाता जाता कोणीतरी बाहेरून कडी लावली. मी घड्याळ बघितलं. मुलं जेवायला गेली त्याला सात मिनिटं झाली होती.

मोठ्या ताई वळल्या. आम्हाला बघून त्यांच्या हातातली पानं पडली.

नंतर खारूताईला मांडीवर घेऊन मी विचारलं, "मोठ्या ताईला हाक का नाही मारलीस?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच तीन वर्षांची आहे. म्हणाली, "ताईला तोंड दाखवलं की ऐकू येतं. दाराला तोंडच नव्हतं."

९ एप्रिल

आरशासमोर उभी राहिले. आवाज न करता म्हटलं — पाणी. मग — मणी. ओठ अगदी सारखेच हलतात.

१० एप्रिल

मावशीला सरळ विचारलं. तिने फडकं पिळून वाळत घातलं, मग म्हणाली, "सहा वर्षं झाली. आधी थोडं ऐकू यायचं, आता जवळजवळ नाहीच. तू बोललीस तर घरी बसेल ती. घरी कोणी नाहीये तिचं."

मी वहीची सगळी पानं परत वाचली. समोर बसून बोलावं. भिंतीला पाठ. एका वेळी एक. ताई लपवत होत्या, आणि मी ते शिक्षण म्हणून लिहून घेतलं! आणि गंमत अशी की ते खरंच चालतं. आमच्या वर्गाइतकी शांत, शहाणी मुलं अख्ख्या बालवाडीत नाहीत. मग ती पद्धत खरी की खोटी? डोक्याचा नुसता भुगा झाला आहे.

पण दाराला तोंड नव्हतं.

११ एप्रिल

अपघातांच्या वहीत मोठ्या ताईंनी नोंद केली आहे — 'दार अडकलं. लगेच उघडलं.' खाली साक्षीदार म्हणून मी सही करायची.

लगेच!

मी सही केली नाही. त्यांनी मला समोर बसवलं. बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत होत्या, मी काही बोलत नसतानाही.

"तुला कळलंय," त्या म्हणाल्या. "परवापासून तू माझ्याशी मोठ्याने बोलतेस. ओरडलं की तोंड वाकडं होतं. मग तर मला काहीच कळत नाही."

मी विचारलं, "कानाचं यंत्र का नाही बसवत, ताई?"

"बसवलं की दिसणार. दिसलं की पालक विचारणार, आमचं मूल रडलं तर हिला कळणार कसं?" मग कपाळावरची बट सारखी करत, "बरोबरच विचारतील गं."

मला वाटलं, आता सही कर म्हणतील. म्हणाल्या नाहीत. वही तिथेच ठेवून उठल्या. ते जास्त वाईट होतं.

१५ एप्रिल

लिहिलं. अपघातांच्या वहीत, ताईंच्या नोंदीखाली, दिसलं तेवढंच. 'मूल सुमारे सात मिनिटं आत होतं. दार ठोकत होतं, हाका मारत होतं. मोठ्या ताई दोन पावलांवर होत्या. त्यांना ऐकू आलं नाही.' वही बालवाडीच्या संचालिका बाईंकडे नेण्याआधी मोठ्या ताईंना दाखवली. पाठीमागून काही करायचं नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं, पर्स उचलली आणि घरी गेल्या. मुलं खिडकीतून हात हलवत राहिली. त्यांनी वळून बघितलं नाही.

मावशी माझ्याशी बोलत नाही. मी बरोबर केलं की नाही? सासूबाईंना विचारलं. "पोर ठीक आहे ना?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या ताटात वाढलं.

१७ एप्रिल

मोठ्या ताई दोन दिवस आल्या नाहीत. आज संचालिका बाईंनी बोलावलं. अपघातांची वही टेबलावर उघडी.

"हे खोडून टाक," त्या म्हणाल्या. आवाज शांत. "मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. तिच्यासारखी शिक्षिका मला मिळायची नाही."

"पण मुलांचं काय, बाई?"

"म्हणून तर दर वर्षी त्या वर्गात शिकाऊ मुलगी देते मी. तिला कान हवेत. तुझ्याआधी तिघी दिल्या, एकही तीन महिने टिकली नाही. तू टिकशील असं वाटलं होतं."

मी शिकायला आले होते. मला कान म्हणून ठेवलं होतं! आणि मला कोणी सांगितलंही नाही की ऐकायचं काम माझं आहे. सांगितलं असतं तर मी अंगणात गेले असते का?

खोडलं नाही. संचालिका बाई म्हणाल्या, "विचार कर, तुझी तीन महिन्यांची सही अजून व्हायची आहे." चांगलं सांगत होत्या की धमकी देत होत्या, कळलं नाही.

२१ एप्रिल

मोठ्या ताई आल्या. कानामागे यंत्र, बट मुद्दाम मागे घेतलेली. पालक मुलांना सोडायला आले तशा दारातच उभ्या राहिल्या आणि एकेकाला स्वतःच सांगितलं. दोन आयांनी मुलांना परत नेलं. बाकीच्यांनी ठेवली.

मुलं गेल्यावर मला समोर बसवलं. संचालिका बाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं, हळू, तोंड वाकडं न करता. त्यांनी मान हलवली.

"त्या तिघी टिकल्या नाहीत, असं नाही. एकेकीला कळायला लागलं, की मी तिला नापास करायचे."

मला राग यायला हवा होता. आला का? अजून सांगता येत नाही. त्यांनी तीन कोरे कागद पुढे ठेवले. "त्या तिघींना पत्रं लिहायची, खरं काय ते सांगून. एकीचंच नाव आठवतंय मला. बाकीच्या दोघींची मावशीला विचारून ये. आज सुरुवात करू."